डावं-उजवं

मंडळी, प्रत्येक घरात एक वस्तू अशी असतेच, जी चालतही नाही आणि टाकवतही नाही. कुणाकडे आजोबांची सायकल, कुणाकडे आजीचं शिलाई मशीन, कुणाकडे बिल्डिंगखाली ताडपत्रीत गुंडाळलेली बजाज. आमच्याकडे बाबांचा स्टिरिओ! एक अॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक आणि प्रवासी बॅगेएवढे दोन लाकडी स्पीकर. १९८७ च्या दिवाळी बोनसमधून लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. तेव्हा हार्बर लोकल मानखुर्दला संपायची (वाशीला ती १९९२ मध्ये आली, पनवेलला १९९८ मध्ये), त्यामुळे बाबांनी हे सगळं धूड एसटीने पनवेलला आणलं. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलं, ते अजून स्पीकरच्या मागे चिकटवलेलं आहे. का, तर म्हणे ‘पहिल्या प्रवासाची आठवण’!

नंतर आम्ही नावड्याला आलो. नावडे कुठे, असं ऑफिसात दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. बॉस, कळंबोलीचा लोखंड बाजार ओलांडला आणि तळोजा एमआयडीसी लागायच्या आधी जे येतं, ते नावडे. दिवा-पनवेल लाइनवर आमचं स्वतःचं स्टेशनसुद्धा आहे, नावडे रोड. गाड्या मोजक्याच, पण स्टेशन आहे! शेजारचं तळोजं २०१७ च्या ऑगस्टमध्ये निळ्या कुत्र्यांमुळे जगभरच्या बातम्यांत झळकलं होतं, ते आठवत असेल. तर तेच आमचे शेजारी. बाबांनी या एमआयडीसीत ३६ वर्षं काढली. मशीनवर.

सात-आठ वर्षांपूर्वी एक दिवस बाबा म्हणाले, ‘‘उजवा स्पीकर गेला.’’ स्टिरिओवर आईच्या जुन्या साडीचं कव्हर चढलं, कव्हरवर फुलदाणी आली, फुलदाणीवर धूळ आली. विषय संपला.

यंदा मे महिन्यात घराला रंग काढायचा ठरला आणि आई म्हणाली, ‘‘त्या धुडाचं काय करायचं ते एकदा ठरवा.’’ बाबा काहीच बोलले नाहीत. हल्ली ते बऱ्याचदा काहीच बोलत नाहीत. रिटायर झाल्यापासून चिडके झालेत, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. मीच म्हटलं, ‘‘थांबा. मी बघते.’’

आता तुम्ही म्हणाल, ही कोण मोठी इंजिनीअर? तर माझा जॉब बेलापूरला, आयटी सपोर्टमध्ये. ‘रीस्टार्ट करून बघितलंत का?’ हे वाक्य दिवसातून ४० वेळा बोलायचा मला पगार मिळतो. पण या जॉबने एक फंडा पक्का शिकवलाय. युजर सांगतो ते लक्षण असतं, कारण नव्हे. ‘इंटरनेट बंद आहे’ म्हणजे वायर निघाली आहे, पासवर्ड विसरला आहे किंवा माणूस भलत्याच खोलीत बसला आहे. तेव्हा ‘उजवा स्पीकर गेला’ या वाक्यावर मी विश्वास ठेवणार नव्हते. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं!

आधी बल्ब, मग बटण

वर्षानुवर्षं बंद असलेली वस्तू थेट प्लगमध्ये खुपसायची नाही, हा पहिला धडा. कव्हर काढलं. आत धूळ, पालीची दोन अंडी, एक मेलेलं झुरळ, आणि फ्यूजच्या जागी कुणीतरी गुंडाळलेली जाड तांब्याची तार! बाबांना विचारलं, तर ते भिंतीकडे बघायला लागले. म्हणजे कळलं.

समोरची बटणं पुसताना एक गोष्ट दिसली. बॅलन्सचा नॉब, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज कमी-जास्त करायची ती चावी, पार उजवीकडे फिरवलेली होती. माझ्या लहानपणी त्या नॉबला हात लावायची कुणाची टाप नव्हती. तो सरळ बारावर असायचा. म्हटलं, आला असेल कुणाचा तरी पोरगा. मी तो मध्यावर आणला आणि विसरून गेले.

मग ‘सिरीज बल्ब’. हा जुन्या मेकॅनिक लोकांचा सॉलिड जुगाड आहे. जुना तारेचा, तापणारा बल्ब घ्यायचा आणि मशीनच्या एका वायरमध्ये सिरीजने जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि पेटलेलाच राहतो. सगळा करंट तोच अडवून धरतो, मशीन जळत नाही. सगळं ठीक असेल तर क्षणभर चमकतो (आतले मोठे कंडेन्सर चार्ज होतात म्हणून) आणि मंद होतो. एलईडी चालत नाही बरं का. एलईडीच्या पोटात स्वतःचं सर्किट असतं, तो असा रोखपाल होऊ शकत नाही. १०० वॅटचा पिवळा बल्ब शोधायला मी नावडे फाट्यापासून कळंबोलीपर्यंत सात दुकानं फिरले. प्रत्येक दुकानदाराने मला एलईडीचे फायदे समजावले. आठव्याने माळ्यावरून एक काढून दिला आणि विचारलं, ‘‘ताई, कोंबड्या पाळताय?’’

फ्यूजच्या जागी फ्यूज टाकला, बल्ब जोडला, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. चमकला... आणि मंद झाला. जिवंत आहे!

फक्त डाव्या स्पीकरमधून ‘भूंऽऽ’ असा आवाज येत होता आणि उजवा ठार.

भूंऽऽ म्हणजे किती?

इथे मला माझ्या फोनने वाचवलं. आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारी फुकट अॅप्स मिळतात. फोन स्पीकरसमोर धरला, तर १०० हर्ट्झला एक भलामोठा सुळका. आता गंमत बघा. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. भूंऽऽ ५० चं असेल तर संशय अर्थिंगवर, नाहीतर सिग्नलच्या वायरीवर घ्यायचा. पण अॅम्पच्या आत रेक्टिफायर त्या लाटेचा खालचा अर्धा भागही वर उचलतो, म्हणून लाटा दुप्पट होतात, १००. त्या लाटा सपाट करायचं काम फिल्टर कंडेन्सरचं. हे कंडेन्सर म्हणजे आत ओला द्राव असलेले डबे. ३०-४० वर्षांत ते सुकतात. लाटा सपाट होत नाहीत, आणि त्या तुम्हाला ऐकू येतात. म्हणजे दोष कुठे आहे ते भूंऽऽ स्वतःच सांगतं, फक्त नीट ऐकायला हवं.

उजव्या स्पीकरसाठी माझा ऑफिसचाच मंत्र, अदलाबदल! स्पीकरच्या वायरी एकमेकींच्या जागी लावल्या. आता उजवा वाजतोय, डावा ठार. म्हणजे स्पीकर निर्दोष, दोष अॅम्पमध्ये. मग आत येणाऱ्या सिग्नलची अदलाबदल केली. तरी अॅम्पची उजवी बाजूच बंद. म्हणजे दोष आणखी आत. मंडळी, दुरुस्ती म्हणजे दुसरं काही नसतं. एकेक गोष्ट जागची हलवायची आणि बघायचं, दोष तिच्याबरोबर जातो की तिथेच राहतो.

लॅमिंग्टन रोडचे मास्तर

शनिवारी निघाले. (रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.) खारघरपर्यंत रिक्षा, मग हार्बर, कुर्ल्याला बदल, दादरला बदल, ग्रँट रोडला उतरायचं. कागदोपत्री त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ‘लॅमिंग्टन’ म्हटल्याशिवाय टॅक्सीवाला मान वळवत नाही. आता तिथे सीसीटीव्ही आणि लॅपटॉपचीच गर्दी. पण एका गल्लीत, जिन्याखालच्या चार फुटी दुकानात, मला एक मास्तर भेटले. वय ७० च्या पुढे, डोळ्याला घड्याळजीचं भिंग.

‘‘कुठला सेट?’’ त्यांनी विचारलं. मी फोटो दाखवला. म्हातारा खुलला! कॉस्मिक, सोनोडाइन, फिलिप्स... एकेका नावाबरोबर त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण होत होता. त्या काळात परदेशी माल सहज येत नव्हता, म्हणून आपल्याकडच्या कंपन्या इथेच सेट बनवायच्या. आतले ट्रान्झिस्टरही बरेचदा भारत इलेक्ट्रॉनिक्ससारख्या देशी कारखान्यांचे असायचे. ‘‘आणि तेव्हा सेट उघडता यावा म्हणून बनवत,’’ मास्तर म्हणाले. ‘‘आता उघडता येऊ नये म्हणून बनवतात.’’

त्यांनी मला तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, पण व्होल्टेज थोडं जास्त झेलणारे नवे कंडेन्सर दिले, कॅसेट डेकचे दोन रबरी बेल्ट दिले, एक कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे दिला आणि तंबी दिली. ‘‘मोठ्या कंडेन्सरला हात लावायच्या आधी तो रिकामा करायचा. वायर काढली तरी तो झटका देतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणग्या पाडू नकोस, रेझिस्टर लाव आणि मीटरवर शून्य बघ. आणि उजवी बाजू बंद आहे ना? मग दोन्ही बाजूंचे व्होल्ट मोज. जुळी भावंडं असतात ती. एकाचं काय बिघडलंय, ते दुसऱ्याकडे बघून कळतं.’’

निघताना त्यांनी विचारलं, ‘‘वडील ऐकतात अजून?’’ मी म्हटलं, ‘‘हो, म्हणजे ऐकतील.’’

आइस्क्रीमची काडी

रविवारी डायनिंग टेबलवर ऑपरेशन थिएटर उभं राहिलं. आईने वर्तमानपत्रं अंथरली, बाबा लांब खुर्चीत बसून ‘मी बघत नाहीये’ असा चेहरा करून बघत होते. कंडेन्सर बदलले (प्लस-मायनस चुकवू नका, उलटा लावला तर फटाका फुटतो!). भूंऽऽ गायब! व्हॉल्यूम आणि निवडीच्या स्विचमध्ये क्लीनर मारून वीस-वीस वेळा मागे-पुढे फिरवले. खरखर गेली. आतल्या चांदीच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. दमट हवा आणि हवेतला गंधकाचा अंश. पैंजण काळे पडतात तेच कारण.

मग जुळ्या भावंडांची तपासणी. या जातीच्या अॅम्पमध्ये स्पीकरकडे जाणाऱ्या मोठ्या कंडेन्सरच्या अलीकडे सप्लायच्या निम्मे व्होल्ट असावे लागतात. डावीकडे ४८ चे २४, एकदम शहाणं बाळ. उजवीकडे तीन! म्हणजे वरच्या बाजूने ओढणारा ट्रान्झिस्टर काम करत नव्हता. जळला असावा म्हणून काढून तपासणारच होते, तेवढ्यात मास्तरांची आणखी एक टिप आठवली. आइस्क्रीमच्या लाकडी काडीने एकेक जोड हळूच दाबून बघितला. एका जोडावर मीटर उडी मारून २४ वर गेला. काडी उचलली की पुन्हा तीन.

ड्राय सोल्डर! म्हणजे जोड वरून बघायला चकचकीत, पण आतून सुटलेला. तापणं-थंड होणं, तापणं-थंड होणं, असं वर्षानुवर्षं झालं की टाका सैल होतो. प्लग काढला, कंडेन्सर रिकामा केला, जोड तापवला, नवं सोल्डर दिलं. काम तीन सेकंदांचं, शोधायला दोन आठवडे.

डेकचा बेल्ट तर वितळून डांबर झाला होता. ते खरवडून नवा बसवला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. बिस्किटाच्या डब्यातल्या कॅसेटींपैकी अर्ध्यांना पांढरी बुरशी आली होती. कोकणातली हवा, दुसरं काय! पण काही वाचल्या. शिवाय माझा फोन जोडायला मी एक केबल बनवली. जुन्या सेटला मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. टेपच्या सॉकेटमध्ये तीन नंबर डावं, पाच नंबर उजवं, दोन नंबर ग्राउंड. एवढं लक्षात ठेवलं की १९८७ चा अॅम्प आणि या वर्षीचा फोन सख्खे मित्र!

संध्याकाळी साडेसात वाजता लताबाईंचा आवाज आमच्या हॉलमध्ये आला. दोन्ही स्पीकरमधून. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. मी बाबांकडे बघितलं. आता वाहवा मिळणार!

बाबा म्हणाले, ‘‘उजवा बारीक आहे.’’

उजवा, उजवा आणि उजवा

वैताग म्हणजे काय असतो! मी दोन्ही बाजूंचे व्होल्ट मोजले. सारखे. फोन दोन्ही स्पीकरसमोर सारख्या अंतरावर धरला. सारखे. डिन केबलचे तीन आणि पाच पुन्हा तपासले. बरोबर. स्पीकर अदलाबदल केले. ‘‘उजवा बारीक आहे.’’ अॅम्पच्या मागच्या वायरी बदलल्या. ‘‘उजवा.’’ सोमवारी ऑफिसमधून आल्यावर पुन्हा उघडला. मंगळवारी पुन्हा. बुधवारी माझा संयम संपला. आम्हा सपोर्टवाल्यांचा एक जुना वाईट जोक आहे. ‘प्रॉब्लेम खुर्ची आणि कीबोर्डच्या मध्ये बसलाय.’ मी तोच मारला. ‘‘बाबा, मशीनमध्ये काही नाही. प्रॉब्लेम खुर्चीत आहे!’’

बाबा उठले आणि बाल्कनीत गेले.

आई शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, ‘‘एवढं सगळं फिरवलंस, खुर्ची फिरवलीस का?’’

मी तिच्याकडे बघतच राहिले.

‘‘फोन कुठल्या कानाला लावतात, बघितलंयस कधी? डाव्या. डाव्या कुशीवर झोपले की बेल वाजलेली कळत नाही. लग्नात मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसते, म्हणजे कोण काय म्हणालं ते हळूच सांगता येतं.’’

‘‘आणि तो बॅलन्सचा नॉब?’’

‘‘तो आधी फिरला,’’ आई म्हणाली. ‘‘वर्षभर थोडा थोडा फिरत होता. स्टिरिओ बंद पडला तो नंतर.’’

काय सांगू, मला खाली बसावंसं वाटलं. म्हणजे स्टिरिओतला दोष खरा होता. पण त्याच्याही आधी एक दोष होता, आणि बाबांनी तो स्टिरिओच्या मागे लपवून ठेवला होता. सेट खरोखर बंद पडला, तेव्हा कदाचित त्यांना हायसंच वाटलं असेल. उजवा स्पीकर गेला, एवढं सांगितलं की काम भागलं! आणि आम्ही? माणूस चिडका झालाय म्हणून फाइल क्लोज केली होती.

बाल्कनीत जाऊन मी सॉरी म्हटलं. त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून.

‘‘मला ऐकू येतं,’’ ते म्हणाले. ‘‘आवाज येतो. शब्द येत नाहीत. तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता.’’

‘‘मग एकदा दाखवून येऊ.’’

‘‘कशाला? माझ्या खात्यातले निम्मे लोक असेच आहेत.’’

हे वाक्य ते इतक्या सहज बोलले की मला पुढे काही सुचेना. शेवटी म्हटलं, ‘‘बाबा, मी त्या अॅम्पमध्ये दोन आठवडे घातले. तुम्ही मला एक शनिवार द्या.’’

लाल आणि निळं

पनवेलच्या कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी आधी कानात डोकावून बघितलं आणि उजव्या कानातून मळाचा एवढा मोठा बोळा काढला, की बाबा स्वतःच हसले. थोडा फरक लगेच पडला. मला वाटलं, झालं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, खरखर गेली! पण डॉक्टरांनी सांगितलं, एका कानात दुसऱ्यापेक्षा जास्त फरक असेल तर पूर्ण तपासणी करायचीच. ऑडिओमेट्री झाली. बंद खोली, कानाला हेडफोन, बीप ऐकू आलं की बटण दाबायचं. आलेखावर उजवा कान लाल गोलांनी काढतात, डावा निळ्या फुल्यांनी. मला माझी केबल आठवली. तिच्यातही उजवा लालच.

दोन्ही रेघा चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडल्या होत्या. लाल जरा जास्त खोल. डॉक्टर म्हणाले, आवाजात काम करणाऱ्यांचा हा नेहमीचा खड्डा. आवाजाने सहसा दोन्ही कान जातात, त्यामुळे उजव्याचा फरक का, ते बघायला आणखी तपासण्या झाल्या. सुदैवाने काही गंभीर निघालं नाही. ‘स’, ‘श’, ‘च’ अशी अक्षरं वरच्या फ्रिक्वेन्सीत असतात. ती गेली की आवाज येतो, शब्द येत नाहीत. बाबा अगदी बरोबर सांगत होते. अक्षरशः!

‘‘दुरुस्त होईल?’’ मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत केसासारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे इथे सोल्डर नाही. लॅमिंग्टन रोडला स्पेअर मिळत नाही. यंत्र लावता येतं, उरलेलं जपता येतं.

परत येताना रिक्षात बाबा बोलायला लागले. मशीन शेजारचा ब्लोअर, कानात घालायला मिळालेले बोळे, ते घातले की सुपरवायझरची हाक ऐकू यायची नाही म्हणून काढून ठेवायचे. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कारखान्यांसाठीची मर्यादा, हे मी नंतर वाचलं. कानाला आवाजामुळे आलेला बहिरेपणा १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टमध्ये कळवण्याजोग्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होता, हेही. बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ‘‘तेव्हा कान गेला की माणूस मुरला, असं म्हणायचे,’’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘‘तुझ्या कॉलेजची फी भरायची होती.’’

रिक्षा कळंबोलीच्या सर्कलवर ट्रकांच्या हॉर्नमध्ये अडकली होती. मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू आलं नसतं. बरंच झालं.

शेवट गोड? बऱ्यापैकी!

आता यंत्र आलंय. उजव्या कानाला, आणि डॉक्टर म्हणतात पुढे दोन्हीला लावा. बाबा ते दिवसभर लावतात असं म्हटलं तर खोटं होईल. जेवताना काढून ठेवतात, भांडी फार वाजतात म्हणे. लग्नाला लावायला तयार नाहीत. आईचं म्हणणं, काही वाक्यं ऐकायची नसली की मुद्दाम काढतात. पण संध्याकाळी साडेसातला, स्टिरिओ लागला की यंत्र डबीतून बाहेर येतं.

परवा मी ऑफिसातून आले, तर बाबा एकटेच अॅम्पसमोर उकिडवे बसले होते. त्यांनी बॅलन्सचा नॉब धरला, मध्यावरून किंचित उजवीकडे नेला, ऐकलं, आणखी किंचित नेला, थांबले. लपवाछपवी नाही, काही नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘आता बरोबर.’’

मला त्या जागी उजवा जरा जास्तच ऐकू येत होता. मी म्हटलं, ‘‘हो बाबा. एकदम बरोबर!’’

जाता जाता...

• माळ्यावरचा जुना सेट उतरवलात तर आधी फ्यूज बघा, मग सिरीज बल्ब लावा, मगच बटण दाबा. आत हात घालायची सवय नसेल तर जाणत्या मेकॅनिकला सोबत घ्या. शॉक जुना होत नाही!

• एक स्पीकर बंद वाटला तर खर्च करण्याआधी अदलाबदल करा. स्पीकर, वायर, सिग्नल... आणि खुर्चीसुद्धा.

• दोन्ही स्पीकर वाजतायत पण ठेका पोकळ वाटतोय? एकाचे प्लस-मायनस उलटे लागले असतील.

• हार्बरच्या खडखडाटात इअरफोनचा आवाज वाढवणाऱ्यांनो (म्हणजे मीसुद्धा!), जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल एवढाच आहे. आवाज वाढवलात की तास झपाट्याने कमी होतात.

• अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ नको. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कानांचंच काम करते, हेही माहीत असू द्या.

• आणि घरातलं कुणी हल्ली फार चिडचिड करत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, लग्नात कोपऱ्यात बसत असेल, तर फाइल क्लोज करण्याआधी एकदा त्यांच्या डाव्या बाजूला बसून बघा. मग उजव्या.